आधी शून्य येऊ दे

जेलरोडवरच्या आमच्या सोसायटीत मे महिन्यातल्या भर दुपारी, ऐन जेवणाच्या वेळी पंखा बंद असलेलं घर एकच. लाइट गेलेली नसते. बिल वाचवायचं असतं असंही नाही. पंखा चालू असला की ताटाला वारा लागतो आणि काट्यावरचा आकडा 142 की 143 या विवंचनेत नाचत राहतो. तो थांबेपर्यंत काटेकाका वरण वाढू देत नाहीत. घाम निथळत असतो, भात निवत असतो, काकू डाव धरून उभ्या असतात आणि काका काट्याकडे टक लावून बसलेले असतात. सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा हा माणूस इतका एकाग्र होऊन कधी बसलेला नाही.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव आता पेन्शनच्या कागदांवर आणि लाइट बिलावर तेवढं उरलंय. गॅसवाला पोऱ्यासुद्धा खालून ‘काटेकाकाऽऽ’ अशीच हाक मारतो आणि काका ओ देतात. गॅसही त्यांना वजन करूनच घ्यायचा असतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्याच अंगावर लिहिलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवायचे, बेरीज जमली तरच सिलिंडर उंबऱ्याच्या आत.

नोकरी नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये झाली. 1928 पासून तिथे नोटा छापल्या जातात, आणि काका मोजणीच्या बाजूला होते. ‘एक शीट कमी भरली तर साहेबापासून शिपायापर्यंत कोणाच्या घशाखाली घास उतरत नसे,’ हे वाक्य त्यांनी सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकवलंय. आयुष्यभर हाताखालून पैसाच पैसा गेला आणि त्यातला एकही आपला नव्हता. त्यामुळे वस्तू कोणाचीही असो, हिशेब मात्र आपला, अशी सवय त्यांना लागून गेली. रिटायर झाल्यावर ते सोसायटीचे खजिनदार झाले. टँकर आला की टाकीत बांबू बुडवून पाणी मोजू लागले. मग वॉचमनच्या चहातली साखर मोजू लागले. शेवटी वार्षिक सभेत शाल-श्रीफळ देऊन त्यांना पदातून मोकळं करण्यात आलं. मिळालेला नारळ त्यांनी तिथल्या तिथे कानाशी धरून हलवला आणि ‘पाणी कमी आहे’ असा शेरा मारला, हे सेक्रेटरी अजून सांगतात.

मग मोजायला काही उरलं नाही. माणूस सैरभैर झाला. अशा नाजूक काळात त्यांना डॉक्टर भेटले.

‘साखर अगदी काठावर आहे,’ डॉक्टर म्हणाले, ‘पाच-सहा किलो उतरवा. खाण्याकडे जरा लक्ष द्या.’

‘किती?’ काकांनी विचारलं.

‘म्हणजे?’

‘किती लक्ष द्यायचं?’

बाहेर पेशंट ताटकळत होते. डॉक्टरांनी वैतागून दिवसाला 1,600 कॅलरी असा आकडा कागदावर लिहून दिला. ते देऊन मोकळे झाले. तो आकडा जेलरोडला आला आणि काकूंच्या स्वयंपाकघरात बिऱ्हाड करून राहिला.

काटा लेकीने आणला. ती जर्मनीत असते. तिथे केकपासून भाकरीपर्यंत सगळं ग्रॅमवर चालतं म्हणे, आणि म्हणून घरोघरी काटा असतो. काळ्या काचेची चपटी पाटी, पाच किलोपर्यंत घेणारी, ग्रॅमाग्रॅमाने सांगणारी. काकांनी आधी काट्याचीच परीक्षा घेतली. वीस रुपयांचं नाणं 8.54 ग्रॅम भरतं हे त्यांना पाठ. अशी दहा नाणी त्यांनी अख्ख्या बिटको चौकात मोड मागत मागत जमवली. काट्याने 85 दाखवले. एवढ्यावर भागलं नाही. किराणा दुकानातून वैधमापनचा शिक्का मारलेलं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन दोन तासांच्या बोलीवर आणलं; 500 आले. तेव्हा कुठे काट्याला हळदकुंकू लागलं आणि तो ओट्यावर, मिक्सर हटवून, मिक्सरच्या जागी बसला.

इथे एक सांगायला हवं. संसाराच्या इतक्या वर्षांत काका स्वयंपाकघरात गेले होते ते फक्त पाणी प्यायला, आणि तेही माठ दाराशी होता म्हणून. पोह्यांचा डबा कोणता आणि रव्याचा कोणता हे त्यांना शपथेवर सांगता आलं नसतं. असा माणूस एके दिवशी सकाळी सात वाजता वही-पेन घेऊन ओट्याशी उभा राहिला.

‘पोहे किती घेतलेस?’

‘दोन मुठी.’

‘कोणाच्या?’

काकूंनी वळून पाहिलं. त्या घरात त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाची मूठ पोह्यांच्या डब्यात गेलेलीच नव्हती. मूठ, पसा, चिमूट, पळी, ‘नखभर’ आणि ‘थोडंसं’ एवढ्या साहित्यावर त्यांनी दोन बाळंतपणं, एक मुंज, एक लग्न आणि सासूबाईंचं पथ्यपाणी निभावून नेलं होतं. शिवाय माप ओलांडूनच या घरात आलेल्या बाईला माप शिकवायला निघायचं, याला छाती लागते. आपल्याकडे 1956 साली कायदा होऊन 1958 पासून किलो-ग्रॅम आले, शेर-छटाक गेले, चिपटं-मापटं माळ्यावर गेलं. पण तो कायदा बाजारापर्यंतच पोचला होता. दुकान ते ओटा एवढं अंतर चालून जायला त्याला काटेकाकांची वाट पाहावी लागली.

पहिले काही दिवस घरात नुसता तपास चालू होता. घरात वाट्या नऊ आणि त्यांत एकीचं तोंड दुसरीला लागत नाही, हे काकांना पासष्टीत कळलं. मोबाइलवरचं कॅलरी मोजणारं अ‍ॅप विचारतं, ‘वरण किती वाट्या?’ आता कोणती वाटी? आमटीची, दह्याची, नैवेद्याची की पाहुण्यांची? प्रत्येक वाटी पाण्याने भरून काट्यावर ठेवली गेली. मग तेलाच्या पिशवीवरून प्रकरण झालं. पिशवीवर ‘1 लिटर’ आणि त्याखाली ‘910 ग्रॅम’. ‘वरचे नव्वद ग्रॅम गेले कुठे?’ म्हणून काका दुकानदारावर चालून गेले. दुकानदाराने कंपनीकडे बोट दाखवलं. काका ग्राहक मंचात जायच्या तयारीत असताना शेजारच्या नववीतल्या पोराने, तेल पाण्यापेक्षा हलकं असतं काका, एवढंच सांगितलं आणि एक खटला वाचवला.

भाताने मात्र त्यांना उपाशी मारलं. कच्च्या तांदळाच्या शंभर ग्रॅमात साधारण 350 कॅलरी. काकांनी ताटातला शिजलेला भात मोजला, 150 ग्रॅम, आणि कच्च्या तांदळाच्या भावाने वहीत सव्वापाचशे कॅलरी खर्ची टाकल्या. वास्तविक शंभर ग्रॅम तांदूळ शिजून पावणेतीनशेच्या घरात जातो. वरचं सगळं नळाचं पाणी. पाण्याच्या कॅलरी भरता भरता संध्याकाळपर्यंत दिवसाचा कोटा संपायचा. रात्री सगळे पिठलं-भाकरी खात असताना काका समोर काकडी घेऊन बसायचे. त्या दिवसांत ते लिफ्टशीसुद्धा भांडत असत.

या संकटातून त्यांना हैदराबादने सोडवलं. तिथल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली 528 भारतीय खाद्यवस्तूंची कोष्टकं काढली. काकांनी त्यांची प्रिंट काढून, स्पायरल घालून, देवघराशेजारच्या फडताळात ठेवली. त्यात ज्वारी आहे, बाजरी आहे, हरभऱ्याची डाळ आहे. भाकरी नाही आणि पिठलंही नाही. कोष्टक कच्च्या मालाचं. पुढचा संसार ज्याचा त्याने करायचा. म्हणजे पिठल्याचा हिशेब हवा तर बेसन किती, तेल किती, पाणी किती, हे सगळं आधी मोजायचं, मग पिठलं झाल्यावर कढईसकट वजन करायचं, त्यातून कढई वजा करायची आणि मग आपल्या ताटात त्यातलं किती आलं ते काढायचं. कढई वजा करायची तर कढईचं वजन माहीत हवं. गरम कढई काचेच्या काट्यावर ठेवता येत नाही, हे एक काटा गेल्यावर कळलं. (दुसरा सोसायटीतल्याच एकाच्या जावयाबरोबर आला. तोही जर्मनीचाच.)

मग काका पिशवीत भांडी भरून भांडी बाजारात गेले. नाशिकची ही पेठ तांब्या-पितळेसाठी नावाजलेली, आणि तिथे भांड्यांवर नावं घालून देणारी माणसंही बसतात. काकूंच्या माहेरच्या पातेल्यावर ‘मामांकडून सप्रेम भेट’ आणि लग्नाची तारीख कोरलेली होती. त्याखाली त्यांनी ‘निव्वळ 412 ग्रॅम’ असं कोरून घेतलं. नावं घालणाऱ्याने मशीन थांबवून विचारलं, ‘काका, मोडीत काढायचंय का?’ काकूंना घरी कळलं तेव्हा त्या मामांच्या आठवणीने रडल्या. काका म्हणाले, ‘अगं, मामांनी किती दिलं ते आता कायमचं नोंदलं गेलं.’

इथपर्यंत घरातल्या घरात चाललं होतं. पण नाशिककर आणि रविवारची सकाळ म्हटल्यावर मिसळ आली. कॉलेज रोडची तुषार, पंचवटीतली अंबिका की बारदान फाट्याची साधना, यावरून इथे सख्खे भाऊ अबोला धरतात. आमचा कट्टा एका रविवारी शहराबाहेरच्या एका मळ्यात गेला. नाव सांगत नाही. आम्हाला तिथे पुन्हा जायचंय. काका बरोबर होते आणि त्यांच्या काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला काटा होता.

ताटं आली. मोड आलेली मटकी, शेव, कांदा, लिंबू, दह्याची वाटी, पापड, पावाची जोडी. आम्ही पहिला घास घेऊन नाकाला रुमाल लावले तरी काकांची उभारणी चालूच होती. शेव वेगळी काढली, 38. मटकी 96. पावाची जोडी 82. कांदा माफ. पापड काट्यापेक्षा मोठा, तो बाहेर लोंबायला लागला म्हणून मोडून मोजला. आता राहिला रस्सा. काकांनी रिकामी वाटी काट्यावर ठेवली, बटण दाबलं, शून्य येऊ दिलं आणि समाधानाने मान वर केली. नेमका त्याच वेळी वाढपी पोरगा बादली घेऊन आला. त्याला काय माहीत काटा? रिकामी वाटी दिसली की भरायची, एवढंच त्या बिचाऱ्याला शिकवलेलं. एक डाव पडला. काका ओरडले, ‘अरे, थांब!’ त्या गोंगाटात त्याने ‘अजून’ ऐकलं. दुसरा डाव पडला. आकडा 97 वरून 188 वर गेला, वाटी भरली, लाल तर्री काठावरून काचेवर उतरली, तिथून बटणात शिरली, आणि काट्याने आकडे सोडून इंग्रजी अक्षरं दाखवायला सुरुवात केली.

काकांनी मालकाला गाठलं. ‘एका डावात तेल किती असतं?’ मालकांनी गल्ल्यावरून न उठता उत्तर दिलं, ‘काका, तेल मोजत बसलो असतो तर हा मळा झाला असता का?’

त्या दुःखात काकांनी रस्सा तीनदा मागवला. वहीत त्या दिवसाच्या रकान्यात ‘मिसळ, अंदाजे’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. ‘अंदाजे’ हा शब्द त्या वहीत तेवढा एकदाच आहे, आणि त्याभोवती लाल पेनाने चौकट आहे.

आमरसाच्या दिवशीचं त्यांचं काम मात्र बघण्यासारखं असतं. केशर आंबा अख्खा मोजायचा, 243. रस काढून झाला की साल मोजायची, कोय मोजायची, दोन्ही वजा. इथे दुसरा कोणी थांबला असता. काका ती कोय उचलतात, खिडकीकडे तोंड करून निवांत चोखतात, पांढरी होईस्तोवर चोखतात, आणि पुन्हा काट्यावर ठेवतात. मघाशी 38 होती, आता 31. ‘सात ग्रॅम जमा,’ म्हणतात आणि लिहून ठेवतात. एवढा प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

आमच्या कट्ट्यावर पंथ बरेच. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी दिवसातून दोनदाच जेवतात आणि पंचावन्न मिनिटांच्या आत हात धुतात. ऋजुता दिवेकरांना मानणारे दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकतात आणि भातावर तूप घेताना कोणाला भीत नाहीत. 2015 साली नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी सायकलवरून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केल्यापासून तिसरा एक पंथ पहाटे पाचला हेल्मेट घालून त्र्यंबक रस्त्याला लागतो. काका कोणातच नाहीत. ‘ते घड्याळ बघतात, हे मीटर बघतात,’ ते म्हणतात, ‘मी ऐवज बघतो.’

ऐवजाच्या बाबतीत माझं त्यांच्याशी एकदा जमलं नाही. एक ग्रॅम पिष्टाच्या चार कॅलरी, प्रथिनाच्या चार, तेलातुपाच्या नऊ, हे आकडे अ‍ॅटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवले. तेही सरासरीने. म्हणजे काका ग्रॅम मोजणार कसोशीने आणि त्याला गुणणार सरासरीने. मग पंखा बंद ठेवून मिळवलेला तो एक ग्रॅम गेला कुठे? मी त्यांना 2012 सालचं एक संशोधन वाचून दाखवलं. अमेरिकेच्या शेतकी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी माणसांना रोज बदाम खायला घालून, पुढचा सगळा हिशेब ठेवून पाहिलं, तेव्हा कोष्टकातल्यापेक्षा जवळजवळ पंचवीस टक्के कमी कॅलरी अंगी लागल्या. बदाम पुरता चावला जात नाही, बराचसा तसाच पुढे सरकतो. मला वाटलं, आता तरी काट्यावरची श्रद्धा डळमळेल. काका चष्मा पुसत म्हणाले, ‘म्हणजे आजवर मी बदामांचे जास्त भरले.’ घरी जाऊन त्यांनी जुन्या वह्या काढल्या, बेरीज मारली आणि थकबाकीचे बदाम त्या आठवड्यात वसूल केले.

त्यांच्या जातीचा एक थोर पुरुष इटलीत होऊन गेला. पाडुआ विद्यापीठातला वैद्य, सँटोरिओ. त्याने तराजूला खुर्ची टांगली आणि तीसेक वर्षं स्वतःला, खाल्लेल्या अन्नाला आणि बाहेर पडलेल्या सगळ्याला तोलत राहिला. आठ पौंड आत गेले तर पाच पौंड न दिसणाऱ्या घामाने जातात, असं त्याने 1614 सालच्या पुस्तकात लिहून ठेवलं. मी ही कथा मोठ्या भक्तिभावाने सांगितली. काकांनी विचारलं, ‘खुर्ची वजा केली होती का?’

आपल्याकडे माणसाला तोलायचं ते सहसा वाटून टाकण्यासाठी. 1665 साली महाबळेश्वरला शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली. हल्ली नगरसेवकांची लाडूतुला होते. आमच्या भागात झाली तेव्हा काका पहिल्या रांगेत होते. पारड्यात साहेब, समोर बुंदीचे लाडू, भोंग्यावर पोवाडा, आणि काका आयोजकाच्या कानाशी, ‘गळ्यातले हार काढा आधी.’ साहेब 84 किलो भरले. काकांनी पाकिटावर गणित मांडलं. साडेतीन लाखांहून जास्त कॅलरी. घरी परतताना बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, ‘माझे सात महिने निघाले असते हो.’

त्यांना खऱ्या अर्थाने ओळखलं ते त्यांच्या मेहुण्याने. ते निफाडकडचे, कांदेवाले. काकूंनी भावासाठी बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा असा बेत केला होता. काकांनी काट्याचं गुपित समजावून सांगितलं, भांडं ठेवायचं, शून्य करायचं, मग वाढायचं.

‘दाजी, ह्यात नवं काय?’ मेहुणे म्हणाले. ‘लासलगावला आमचा भरला ट्रॅक्टर काट्यावर, मग रिकामा ट्रॅक्टर काट्यावर. मधला फरक तो कांदा.’

काकांचे डोळे पाणावले. इतक्या महिन्यांत समजून घेणारं कोणी भेटलं नव्हतं. त्यांनी मेहुण्याचं ताटही हौसेने काट्यावर घेतलं. पाच भाकरी, अर्धं भरीत, वर दूध-भाकरी. मेहुण्यांनी ढेकर दिला, हात धुतले आणि विचारलं, ‘मग? हमाली-तोलाई किती कापली?’

काकूंचा संप त्यानंतर महिन्याभराने झाला. निमित्त अगदी साधं. कणीक मळताना काका म्हणाले, ‘थांब, हाताला लागलेली परत काढ, ती मोजलेली आहे.’ काकूंनी हात धुतले. पदराला पुसले. बाहेरच्या खोलीत येऊन पेपर उघडला. ‘काटा तुमचा, वही तुमची, तर कणीकही तुमचीच. भाजीसुद्धा. चिरली की किती उरते ते तुम्हालाच नीट कळेल.’

आम्हाला वाटलं, आता काटा माळ्यावर जाणार. तसं झालं नाही. काकांना ते म्हणणं पटलं. त्यात हिशेबाची चूक नव्हती. तेव्हापासून सकाळी भाजीबाजारात तेच जातात, मेथी तेच निवडतात, काड्या वेगळ्या मोजतात. पहिल्या पोळ्यांचे नकाशे झाले. पण प्रत्येक नकाशाचं वजन सारखं, 42 ग्रॅमच्या आतबाहेर. काकू खुर्चीत बसून ‘गॅस बारीक करा’ एवढंच सांगतात. सहा महिन्यांत काकांचं वजन चार किलोंनी उतरलं. ते श्रेय काट्याला देतात. मी रोज त्यांना बाजारातून पिशव्या घेऊन तीन जिने चढताना बघतो (लिफ्टशी त्यांचं अजून जमलेलं नाही), पण बोलत नाही.

आणि स्वयंपाकाला चव आली. हे मात्र कोड्यात टाकणारं होतं. सुरुवातीच्या त्यांच्या भाज्या म्हणजे पथ्याचं खाणं. मग हळूहळू भरलं वांगं असं व्हायला लागलं की शेजारून वाटी घेऊन माणसं यायची. ‘बघ,’ काका सांगत, ‘तेल तेवढंच. दिवसाला माणशी 15 ग्रॅम. मोजून केलं की चव येतेच.’ काकू पेपरातून मान वर न करता म्हणत, ‘येते खरी.’

त्याचं मर्म मला काकूंनीच एका दुपारी दाखवलं, काका बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले असताना. या काट्याला एक खोड आहे. शून्यावर असताना कोणी एकदम ओतलं तर तो पकडतो. पण थेंब थेंब टाकत राहिलं तर त्याला वाटतं, आपल्याच डोक्याला भोवळ आली, आणि तो दर थेंबाला स्वतःला सावरून पुन्हा शून्यावर येतो. काकूंना हे कळलं ते संपत आलेल्या तेलाच्या पिशवीमुळे. वाटी काट्यावर ठेवून शून्य केलेली होती, वर पिशवी उलटी टांगली होती निथळायला. त्या देवाला वात लावून आल्या तर वाटीच्या तळाशी तेल चांगलं चमकत होतं आणि काटा म्हणत होता शून्य. काकूंनी काट्याकडे पाहिलं, तेलाकडे पाहिलं, आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून रोज स्वयंपाकाआधी त्या आपणहून पुढे होऊन म्हणतात, ‘अहो, तुम्ही कांदा चिरा, मी वाटी शून्य करून ठेवते.’

मी गप्प राहायचं कबूल केलं. त्या बदल्यात मला भरल्या वांग्याची वाटी येते.

या दिवाळीत लेकीला जर्मनीत चकल्या करायच्या होत्या. आजवर आईला विचारलं की ‘अंदाजाने घाल गं’ एवढंच मिळायचं. या खेपेला बाबांनी एक्सेलची शीट पाठवली. भाजणी 500 ग्रॅम, तीळ 12, तिखट 9, मोहन 40, पाणी इतकं, उकळायला लागल्यापासून इतके सेकंद. दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल आला. मी तिथेच होतो, चकली खात.

‘बाबा, दगड झाल्यात. शेजारची बाई विचारत होती, या सजावटीच्या आहेत का.’

‘तुझा काटा तपास,’ काका म्हणाले. ‘वीस रुपयांची दहा नाणी घे.’

‘बाबा, इथे वीस रुपयांची नाणी कुठून आणू? आणि काटा तोच आहे, तुम्हाला दिला तसलाच.’

काकांनी शीट पुन्हा तपासली, मग माझ्या हातातली चकली मोडून पाहिली. ती खुसखुशीत मोडली. त्यांचा चेहरा पडला. तेव्हा काकूंनी फोन हातात घेतला. ‘हे बघ,’ त्या लेकीला म्हणाल्या, ‘मोहनाची वाटी ठेवलीस की आधी शून्य कर. मग वर तेलाची पिशवी बारीक भोक पाडून उलटी टांग आणि आंघोळ करून ये. घाई करायची नाही. त्यानंतर बाबांनी लिहिलंय तेवढं ओत.’

‘पण त्याने काय होतं?’

‘हवा निघून जाते,’ काकू म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली, चष्मा लावला आणि वहीत लगेच नोंद केली: ‘पिशवी उलटी टांगणे, 0 ग्रॅम.’